तंबोरा कोणी केला?

दिवाळीची पहाट आता गावोगाव गाण्याने उजाडते. निवेदक गायकाचे घराणे सांगतो, तबलजीचे गुरू सांगतो, मांडववाल्याचे आभारही मानतो. गायकाच्या मागे झंकारणारे दोन तंबोरे कोणी केले, हे मात्र तो सांगत नाही; कारण ते त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असायला हवे असे वाटतही नाही. माझे भांडण आहे ते या न वाटण्याशी.

“अहो, ते कारागीर! पिढीजात धंदा. त्यात कला ती कसली?” असे एका सुविद्य गृहस्थांनी मला ऐकवले. गायकाच्या पिढीजात गळ्याला हे घराणे म्हणणार आणि मिरजेच्या पिढीजात हाताला धंदा! हा कुठला न्याय?

मिरजेचे हे लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये करायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा महिनोन्‌महिने वाळवायचा, कापायचा, त्याला लाकडाची तबली आणि दांडी जोडायची. इथवर सुतारकाम म्हणा हवे तर. पण पुढे जवारी आहे. घोडीचा माथा कानशीने इतका अलगद उतरता करायचा, की तार त्याला टेकते न टेकते अशी राहावी. मग तारेखाली सुताचा धागा सारून आवाज मोकळा होईल ती जागा शोधायची. तिथे फूटपट्टी चालत नाही, कानच प्रमाण! चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला. तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे उपस्वर नियमाने उमटू नयेत, तेही या घोडीच्या घडणीमुळे उमटतात, हे त्यांनी दाखवले. विज्ञानाने ज्याची दखल १९२१ साली घेतली, ते मिरजेच्या कानशीला आधीच साधले होते. आणि ही म्हणे कला नव्हे!

“आता तंबोरा फोनमध्येही मिळतो,” हा दुसरा आक्षेप. मिळतो, रियाजाला खुशाल वापरा. पण त्यातला चांगला आवाज खऱ्या तंबोऱ्यावरूनच ध्वनिमुद्रित केलेला असतो. म्हणजे तिथेही कोणा एकाची जवारीच बोलते, फक्त त्याच्या नावावाचून.

नाव दिल्याने काय होते म्हणता? स्लोव्हाकियातून अमेरिकेत गेलेल्या डोपेरा बंधूंनी १९२८ साली गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची वाटी बसवून तिचा आवाज वाढवला. त्या गिटारीचे ‘डोब्रो’ हे नाव त्यांच्याच नावावरून पडले. आजही वाजवणाऱ्याच्या तोंडी करणाऱ्याचे नाव येते. आपल्याकडे मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे उत्तमच झाले. पण ते गावाचे नाव झाले. माणसाचे नाव आपणच घ्यायचे आहे.

मी शाळामास्तर. कवितेखाली कवीचे नाव लिहिले नाही तर मुलाचा गुण कापतो. तोच नियम मी मंडळांना लावू इच्छितो. वाचकहो, यंदाच्या पहाटेला कार्यक्रमपत्रिकेत तंबोरा करणाराचे नाव नसेल, तर मध्यंतरात उठून विचारा. आणि मिरजेला वाद्य घ्यायला गेलात, तर मेथीच्या जुडीसारखी घासाघीस करू नका. त्याची मुलगा-मुलगी ही विद्या पुढे शिकतील की नाही, हे तुम्ही मोजलेल्या पैशांवरही ठरणार आहे.