वीकएण्ड, विलीज आणि सव्वा इंचाचा शाफ्ट

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसची गॅंग लोणावळ्याला सुटली आणि मी नंदीग्राम एक्स्प्रेस पकडली. कुठं? किनवटला! नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, पैनगंगेकाठी, सागवानाच्या जंगलात. तिथं काकांची जीप आहे. साधीसुधी नाही बॉस, दुसऱ्या महायुद्धातली विलीज! आजोबांनी मिलिटरी डिस्पोजलमधून घेतलेली.

गेल्या पावसाळ्यात तापानं फणफणलेल्या काकूला घेऊन काका शेतातून दवाखान्यात निघाले होते. उतारावर लो गिअरचा दांडा आपोआप उडाला, इंजिनाची पकड सुटली आणि जीप मोकाट. हॅंडब्रेक ओढला म्हणून निभावलं. चुलतभाऊ म्हणाला, 'द्या भंगारात.' काकांचं जेवणात लक्ष लागेना. मग मला फोन, 'बापू, तू इंजिनिअर हाईस ना? बघ बरं काही जमतंय का.' (मी सॉफ्टवेअरवाला. पण हे काकांना कोण सांगणार?)

दुखणं ट्रान्सफर केसचं निघालं. गिअरबॉक्सच्या मागचा हा लोखंडी डबा इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना पोचवतो. लोमध्ये टाकला की वेग कमी, जोर जास्त. महायुद्धातल्या जीपमध्ये 'स्पायसर १८' हा डबा असायचा आणि त्यातल्या मधल्या गिअरचा शाफ्ट जेमतेम पाऊण इंचाचा. तो झिजला की गिअर डगमगतो, दांडा उडतो. पुढं याच डब्यात सव्वा इंची शाफ्ट आला आणि लोचा रेशो १.९७ वरून २.४६ झाला. म्हणजे इंजिन तेच, पण जोर सुमारे २५ टक्के जास्त!

मिस्त्रींनी जुन्या महिंद्रा सीजे-३बीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस असा अख्खा जोड शोधून ठेवला होता. दोघांचे दाते एकमेकांत बसतात, म्हणून नुसता डबा आणून भागत नाही. मी उत्साहानं पाना घेऊन जीपखाली शिरलो, तर मिस्त्री ओरडले, 'साहेब, आधी चाकाला दगड लावा!' या जीपचा हॅंडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच असतो. डबा उतरवला की हॅंडब्रेकही गेला! माझी एमबीए वगैरे तिथंच संपली.

रविवारी दुपारी नव्वद नंबरचं ऑइल भरून जीप त्याच उतारावर नेली. लो टाकला, ॲक्सिलरेटर सोडला. जीप मुंगीच्या पावलानं खाली आली. दांडा जागचा हलला नाही. काका काहीच बोलले नाहीत. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या, बस्स!

तुमच्याही घरी अशी म्हातारी फोर बाय फोर असेल, तर तीन गोष्टी. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नका. वळणावर पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत आणि सगळा ताण डब्यावर येतो. जोर वाढला की पुढचा नंबर ॲक्सलचा, तोही तपासा. आणि काम काढण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना नकार दिलाय. आम्ही आधी विचारलं, मगच पाना उचलला.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी लोणावळ्याचे फोटो दाखवले. मी नखांतलं काळं ग्रीस दाखवलं. बोला, कोणाचा वीकएण्ड भारी?