सांताची दाढी आणि गव्हाणीतले बाळ

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. पहिलीत शिकणारी माझी नात शाळेतून आली ती हातात एक चिठ्ठी घेऊनच. लाल कापड, कापूस, हिरवा कार्डपेपर, चमकी, थर्माकोलचे गोळे असे साहित्य सोमवारी पाठवावे. वर्गात 'ख्रिसमस अ‍ॅक्टिव्हिटी' आहे. सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे शाळेच्या गावीही नसावे. रात्री जेवणे आटोपल्यावर सूनबाई कापसाची दाढी चिकटवत बसल्या आणि चिरंजीव गोळ्यांच्या शोधात तीन दुकाने हिंडून आले. दाढी लावून आरशात पाहता पाहता नातीने विचारले, ''आजोबा, सांता हा त्यांचा देव का हो?''

''बाईंनी काय सांगितलं?''

''बाई म्हणाल्या, तो गिफ्ट देतो.''

सर्वधर्मसमभावाच्या नावाखाली आपल्या शाळांतून दर डिसेंबरात जे चालते, त्याचे सार या एका वाक्यात आले आहे. आजवर आपल्या वर्तुळात या उपक्रमावर एकच आक्षेप घेतला गेला, तो म्हणजे यातून हिंदू मुलांना ख्रिस्ती धर्म शिकवला जातो. माझा आक्षेप नेमका उलट आहे. यातून मुलांना ख्रिस्ती धर्मही शिकवला जात नाही. काहीच शिकवले जात नाही. फक्त एक गिऱ्हाईक घडवले जाते.

हा सांता कोण? चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा या नगरीत निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. त्यांच्या दातृत्वाच्या कथा युरोपभर पसरल्या. पुढे १८२३ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्रात छापून आलेल्या कवितेने या संताला आठ रेनडिअरची गाडी दिली. १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला 'हार्पर्स वीकली'च्या पानांवर गुबगुबीत केले, आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी त्याचे ते लाल रूप जगभर नेले. म्हणजे शाळेत आमची मुले जी दाढी चिकटवतात, ती संताची कमी आणि जाहिरातीची अधिक.

मूळ कथा वेगळीच आहे आणि ती मुलांना सहज कळेल अशी आहे. रोमन सम्राट ऑगस्टसने शिरगणतीचा हुकूम काढला म्हणून एक गर्भवती स्त्री आणि तिचा पती नाझरेथहून बेथलेहेमला जातात. उतारशाळेत जागा मिळत नाही. बाळ जन्माला येते आणि त्याला गुरांच्या गव्हाणीत निजवले जाते. वार्ता प्रथम कळते ती रानात मेंढरे राखणाऱ्या धनगरांना. हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तारा पाहून पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष आहेत, आणि बाळाच्या भयाने बालहत्या करवणारा हेरोद राजाही आहे. गोकुळाष्टमीला कंसाची गोष्ट ऐकलेल्या मराठी मुलाला हेरोद समजावून सांगावा लागत नाही. (म्हणून दोन्ही कथा एकच, असे म्हणण्याची घाई मात्र कोणी करू नये. ती घाई म्हणजे दोन्हीकडचे न वाचण्याची सोय असते.)

ख्रिस्ती समाज स्वतःच्या मुलांना हा सण कसा शिकवतो, हे एकदा डोळे उघडून पाहण्यासारखे आहे. इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसने खरी गव्हाण मांडली, गवत पसरले, खरा बैल आणि खरे गाढव उभे केले. अक्षरशत्रू शेतकऱ्यांना जन्मकथा डोळ्यांनी दिसावी, एवढाच हेतू. हॅम्बुर्गमध्ये अनाथ आणि निराधार मुलांचा आश्रम चालवणारे पाद्री विखेर्न यांनी १८३९ साली गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, आठवड्याच्या दिवसांना लहान आणि चार रविवारांना मोठ्या; रोज एक पेटवायची, म्हणजे नाताळ किती दूर आहे हे मुलांना मोजता येते. रोममध्ये १९५४ पासून सोफिया काव्हालेत्ती यांनी मॉन्टेसरी पद्धतीने धर्मशिक्षण सुरू केले, त्यात लाकडी मेंढपाळ आणि मेंढरे लहान मुलांच्या हाती दिली जातात. मूल ती हलवते, कोंडवाड्यात आणते, गप्प बसून पाहते. इथे हस्तव्यवसाय म्हणजे वेळ घालवण्याचे साधन नाही. जे तत्त्व शब्दांनी कळणार नाही, ते हातांनी शिकवण्याची ती रीत आहे.

ही दृष्टी आपल्या भूमीवरही वापरली गेली, आणि आपल्याविरुद्ध वापरली गेली. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्युइटाने ओळखले की, ज्यांची पुराणे काढून घेतली त्यांना दुसरे पुराण द्यावे लागते. रायतूर येथे १६१६ साली छापलेले त्याचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे, तेही मराठीत. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा वरवंटा फिरत होता, हे विसरण्याचे कारण नाही. पण वरवंट्याने जे साधले नाही ते ओवीने साधू पाहिले. माणसाचे मन कोणत्या वाटेने उघडते, हे त्या परक्याला समजले होते. आज आपल्याला ते समजते का?

त्याच नाताळच्या आठवड्यात मी नातीला घेऊन वसईला, माझ्या एका जुन्या ख्रिस्ती सहकाऱ्यांच्या घरी गेलो. अंगणात चार मुले गोठा बांधत होती. भाताचा पेंढा, विहिरीच्या कडेचे शेवाळ, जुन्या खोक्याचे पुठ्ठे, मातीची गुरे. विकतचे म्हणावे असे फारसे काही नव्हते. गव्हाण मात्र रिकामी. ''बाळ कुठे आहे?'' नातीने विचारले. तिच्याच वयाची एक मुलगी म्हणाली, ''चोवीस तारखेला रात्री बारा वाजता ठेवणार. आता कसं ठेवणार? अजून जन्म कुठे झालाय?'' सहा वर्षांच्या त्या पोरीला आपला सण पुरता कळला होता. परतीच्या गाडीत नातीने मला विचारले, ''आपण दिवाळीत किल्ला असा का नाही केला?'' आम्ही किल्ला विकत आणला होता, प्लास्टर ऑफ पॅरिसचा, बुरुजांसकट रंगवलेला. लाल माती कालवणे नाही, उतारावर अळीव पेरणे नाही, मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडण नाही. मखर विकतचे, आकाशकंदील विकतचा, मोदकही विकतचे. मग मुलांच्या हातांना डिसेंबरात जे मिळेल ते ती करणारच, आणि दोष शाळेला!

आपल्यातल्या काहींनी यावर तोड काढली आहे, की पंचवीस डिसेंबरलाच तुळशीपूजन ठेवावे. मला ही तोड मान्य नाही, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. तुळशीचे लग्न कार्तिकात आहे, ते पुष्कळ घरांतून हळूहळू मागे पडत चालले आहे, आणि त्याचा उतारा म्हणून आपण दुसऱ्याच्या सणाच्या तारखेला आपली तुळस नेऊन ठेवतो. ज्या पूजेची तिथी दुसऱ्याच्या पंचांगावरून ठरते, तिच्यात आत्मविश्वास कुठला?

दुसरा वर्ग म्हणतो, मुलांना नाताळाचे नावच ऐकू देऊ नका. तेही चुकीचे. शेजारच्या धर्माचे अज्ञान हे संरक्षण नव्हे. धर्मांविषयीची माहिती शाळेत दिली जावी, ही आपलीच मागणी होती. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ साली तीच शिफारस केली. त्यानंतर आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयीचे शिक्षण आणि विशिष्ट धर्माची शिकवण यांत भेद केला आणि पहिल्याला मोकळीक दिली. त्या वेळी ज्यांनी 'भगवेकरण' म्हणून गदारोळ केला, त्यांच्याच पंथातली मंडळी आज कापसाच्या दाढीला समभाव म्हणतात, ही गंमत निराळी.

घटनेचे कलम २८ आणखी एक गोष्ट सांगते. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे आपल्या मुलाला मिळते तसेच आपल्या संस्थेच्या शाळेतील ख्रिस्ती मुलालाही मिळते. सरस्वतीपूजनाच्या दिवशी तो बाजूला उभा राहिला, तर त्याला रागे भरण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे ज्याला पटत नाही त्याने कलम २८ चे नाव पुढच्या डिसेंबरात घेऊ नये.

तेव्हा डिसेंबरची वाट न पाहता पुढच्या पालकसभेतच लेखी मागणी करावी: कोणत्याही सणाचा उपक्रम घेताना त्या सणाची कथा वर्गात मूळ ग्रंथानुसार सांगावी, कथेत नसलेली वेशभूषा सक्तीची करू नये, प्रार्थना वा पूजा असल्यास पालकांची संमती आधी घ्यावी, साहित्य घरातले, मातीचे, कागदाचे असावे, आणि हाच नियम गुढीपाडव्यापासून नाताळापर्यंत सर्वांना लावावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एकीवर शाळेची पोच घ्यावी. दिवाळीच्या सुट्टीआधी लाल मातीची दोन पोती मात्र आपल्याच दारात येऊन पडलेली असावीत.