सिकलसेलचा रिपोर्ट मागा, पण ‘घराण्यात वेड’ शोधू नका

आपल्या भंडारा जिल्ह्यात सोयरीक जुळवताना आता सिकलसेलचा रिपोर्ट मागितला जातो. हे योग्यच आहे. पण त्याच बैठकीत दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो, “मुलीची मावशी नागपूरच्या पागलखान्यात होती म्हणतात?” आणि जुळत आलेली सोयरीक मोडते. या दुसऱ्या प्रश्नाला आमचा विरोध आहे.

सिकलसेल एकाच जनुकातील दोषामुळे होतो. रक्त तपासले की कळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

मानसिक आजाराचा हिशेब असा सरळ नाही. स्किझोफ्रेनियाच घ्या. त्यात नसलेले आवाज ऐकू येतात, खोटे संशय मनात घर करतात. या आजारात अनुवंशाचा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी संबंधित २८७ जनुकीय जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी थोडा. म्हणून कोणाला आजार होईल हे सांगणारी रक्ततपासणी नाही. साधारणपणे हा आजार शंभरात एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये शंभरात सुमारे दहा जणांना. म्हणजे नव्वद जणांना होत नाही! मावशी-काकांचे नाते तर त्याहून दूरचे. एकसारख्या जुळ्या भावंडांत एकाला आजार असला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो. लहानपणी सोसलेला छळ, कोवळ्या वयातला गांजा यांनीही धोका वाढतो.

‘रक्तातच खोट आहे’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये रक्तशुद्धीच्या दाव्याची चिरफाड केली. तेच वाक्य आपण आपल्याच लेकीबाळींना कसे ऐकवतो?

या भीतीपायी घरे आजार लपवतात. नवी सून सासरी गोळ्या चोरून घेते, एक दिवस बंद करते आणि आजार उलटतो. मग ‘बाहेरचे’ म्हणून पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. ज्याला स्वतःला आजार आहे त्याने लग्नाआधी सांगावे, आणि समोरच्यांनी ते माणुसकीने ऐकून घ्यावे. नियमित औषधांवर अनेकजण संसार आणि नोकरी सांभाळतात.

घराण्यातला आजार बैठकीत नव्हे, डॉक्टरला सांगा. त्याचा उपयोग तिथे आहे. अशा घरातल्या तरुण पोराची झोप उडाली, तो एकटा राहू लागला, स्वतःशीच बोलू लागला, तर वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने आपला हक्क आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तो रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या फलकावर लिहून ठेवू या.