तीन एमबीचा आवाज

परीक्षेच्या आठवड्यात लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झाली. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत नवी वस्तू आली की जुनी बाहेर जाते. मी लॅपटॉपवरही तेच केलं. डाउनलोड्स उघडलं, सगळं निवडलं आणि शिफ्ट दाबून डिलीट. शिफ्टसकट उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही, हे मला ठाऊक होतं. त्यातच आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं, हे मात्र विसरले. आजी श्रीरामपूर तालुक्यातली, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला न चुकता जाणारी. ती आता नाही आणि ते रेकॉर्डिंगही नाही.

घरचे म्हणाले, ‘एवढं साठवायचं कशाला?’ मला मात्र वाटतं, माझी चूक साठवण्यात नव्हती, साफ करण्याच्या पद्धतीत होती.

हिशोब बघा. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग साधारण तीन एमबी. दीड जीबीचा एक सिनेमा म्हणजे अशी पाचशे रेकॉर्डिंग्ज! मग जागा कोण खातं? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज उघडलं की ते दिसतं. आधी टेम्पररी फाइल्स काढा, रिसायकल बिन रिकामा करा (तो भरलेला असेपर्यंत जागा सुटत नाही), मग फाइल्स आकाराप्रमाणे लावून वरून खाली या. बहुतेकदा पहिल्या दहा-बारा फाइल्समध्येच काम होतं. खालच्या बारक्या फाइल्सना हात लावायची गरजच पडत नाही, आणि आपली माणसं बहुतेक तिथेच असतात.

आपण फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ अभ्यासतो. ते 1616, 1649 आणि 1654 असं तीनदा छापलं गेलं, पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाताशी नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो कुणीतरी हातानं उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. म्हणजे टिकलं ते, ज्याची कुणी दुसरी प्रत केली.

म्हणून माझं मत साधं आहे. कचरा काढायलाच हवा, पण ‘अनावश्यक’ काय ते कॉम्प्युटरला किंवा घाईला ठरवू देऊ नका. जी गोष्ट पुन्हा डाउनलोड होऊ शकते, ती खुशाल उडवा. जी होऊ शकत नाही, तिची आधी पेन ड्राइव्हवर एक प्रत करा.

आणि घरात आजी असेल, तर आज रात्रीच तिला गायला सांगा. तीन एमबी जागा नक्की निघेल.