‘हिला दिवस गेलेत’ हे नर्सला कोण शिकवणार?

16 ऑक्टोबर 2022 ला भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. मी पांढुर्ण्याचा, शिकायला उज्जैनला आलोय, नानाखेड्यात खोली करून राहतो. इथं अजूनही हा विषय निघाला की दोनच पार्ट्या पडतात, हिंदी की इंग्रजी. डॉक्टरनं कोणत्या भाषेत शिकावं यावर सगळे तावातावानं भांडतात. पेशंट कोणत्या भाषेत कण्हतो, हे कुणी काढतच नाही.

हिंदी पुस्तकांना माझा विरोध नाही. गावच्या शाळेतून आलेल्या पोराला ती आधारच आहेत. पण आपल्या भाषेत समजतं, हा तर्क पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बुऱ्हाणपूरला आला की का थांबतो?

दवाखान्यात काय होतं बघा. आपली आजी म्हणते, ‘जुलाब होतायत.’ हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध! सासू सांगते, ‘हिला दिवस गेलेत.’ हिंदीत शिकलेली नर्स विचारते, कितने दिन? ‘अंगावरून जातं’ हे तर बाई आधीच कुजबुजत सांगते, तेही समोरच्याला कळलं नाही तर ती दुसऱ्यांदा सांगतच नाही. आजार तसाच अंगावर काढते. कळ, चमक, ठणका, मुरडा हे चार वेगळे त्रास आहेत. कागदावर मात्र एकच शब्द उतरतो, दर्द.

हे शिकवता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं कमी शिकलेल्या गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. बाळाचे श्वास मोजायला मण्यांचं साधन दिलं, कारण मोठे आकडे मोजताना चूक व्हायची. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. 2011 पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळासाठी ज्या घरभेटी देतात, त्यांचं मूळ तिथं आहे. त्या बाया बाळंतिणीच्याच बोलीत बोलायच्या. माझ्या मते अर्धं यश तिथंच होतं.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट खटकते. संविधानाचं कलम 350क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेत शिक्षणाची सोय करायला सांगतं, पण फक्त प्राथमिक शाळेत. कलम 350 नुसार तक्रार अर्ज आपल्या भाषेत देता येतो. म्हणजे अर्ज मराठीत चालतो, पोटदुखी नाही.

छिंदवाड्याला 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. उज्जैनच्या नव्या कॉलेजचं भूमिपूजन 2024 मध्ये झालं. एमबीबीएसच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेला जागा आहेच. सीमेवरच्या जिल्ह्यांत काम करणार असलेल्यांना तिथं मराठी शिकवा. आशांची पुस्तकं महाराष्ट्रात मराठीत आहेतच, ती इकडे मागवायला कुठला आयोग नेमायला लागत नाही.

मी अशा शब्दांची यादी करतोय, सध्या साठेक झालेत. बेळगाव, निपाणी, बिदरकडे दवाखान्यात कोणत्या शब्दावर गाडी अडते? मला कळवा. पांढुर्ण्याची यादी दिवाळीच्या सुट्टीत जिल्हा आरोग्य कार्यालयात देऊन पोच घेणार आहे.