बोअर त्याचं पाणी

जमिनीखालचं पाणी कुणाचं, याचं उत्तर आपल्याकडे आजही १८८२ चा सुविधाधिकार कायदा देतो. जमीन ज्याची, त्याने तिच्याखालचं पाणी हवं तितकं उपसावं. खडकाला बांध नसतो, माझ्या बोअरमधलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून सरकत आलेलं असतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी ही लूट आपण हक्क म्हणून चालवून घेतो. मी तिला लूटच म्हणतो.

ती कशी होते ते आमच्या गावात, लातूर जिल्ह्यात, मी पाहिलं आहे. दिवेलागणीला बोअरची गाडी येते, मागे कॉम्प्रेसर. पाणाड्याने हातावर नारळ धरून दाखवलेल्या पॉइंटवर एकामागून एक रॉड उतरतात. दोनशे फुटांना कोरडा राखाडी धुरळा, चारशेला तोच धुरळा, साडेपाचशेच्या पुढे चिखल उसळतो आणि कुणीतरी ओरडतं, "दीड इंच लागलं!" केसिंग वरच्या वीस-तीस फुटांपुरतंच घातलेलं असतं. त्यामुळे खालचं तर येतंच, वरच्या मुरमातलं आणि भेगांमधलं पाणीही त्याच भोकात उतरतं. पंधरवडा उलटायच्या आत ओढ्याकडच्या जुन्या विहिरीचा तळ उघडा पडतो. त्या विहिरीवर तीन घरांची ज्वारी आणि दारातली जनावरं जगत होती. त्या तीन घरांनी दाद मागायची कुणाकडे? तलाठ्याकडे गेले तर तो ग्रामसेवकाकडे बोट दाखवतो, ग्रामसेवक तहसीलदाराकडे.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत विहीर खोदायची नाही, हे १९९३ पासून लिहिलेलं आहे. २००९ चा भूजल कायदा जून २०१४ मध्ये लागू झाला. त्याने शेतीसाठी आणि उद्योगासाठी साठ मीटरच्या खाली जायला मनाई केली. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. मराठवाड्यातला कुठलाही गाडीवाला दोनशे फुटांवर थांबलेलं बोअर शोधून दाखवू दे. इथे कायदा फुटाच्या दराने मोडला जातो, आणि त्याची पावतीसुद्धा मिळते.

त्यात शेततळ्यांची भर पडली. कल्पना चांगली होती: पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवा. आज बघावं तिथे खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आहे आणि काठावर बोअरचा पाइप सोडलेला आहे. हिवाळ्यात सगळ्या शिवाराचं पाणी उपसून एकाच्या तळ्यात भरायचं आणि उन्हाळाभर त्यातलं बरंचसं उन्हाला द्यायचं. याला जलसंधारण म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना माझं आव्हान आहे, मे महिन्यात त्या तळ्याच्या काठावर उभं राहून हाच शब्द टँकरच्या रांगेतल्या बाईला ऐकवा.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांनी ऊस गाळला. सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पिणारं पीक! पण शेतकऱ्याला शिव्या घालणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ऊस घातला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, देणं कारखान्यावर बंधनकारक आहे. पैसे थकतात, पण मागायला कायदा तरी आहे. तुरीचा हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्रावर बारदाना संपलेला असतो. अशा वेळी माणूस ऊसच लावणार. दोषी तो बाजार आहे, आणि तो बाजार दिल्ली-मुंबईत बसून रचणारे आहेत.

२०२४ पासून राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट केली. कोरडवाहूवाल्याला, पंपच नसलेल्याला, भूमिहीन मजुराला यातून काय मिळालं? छदामही नाही. ज्याच्याकडे पाणी आहे त्यालाच ते आणखी उपसायला सरकारी तिजोरीतून पैसा, याला शेतकरीहित म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी वाट कुणाला सुचली नव्हती असंही नाही. १९७२ च्या दुष्काळाने हादरलेला विलासराव साळुंखे नावाचा पुण्याचा इंजिनीअर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेला. देवस्थानची माळरानाची जमीन त्याने कराराने घेतली आणि तिच्यावर पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा: पाणी एकरावर नाही, माणसावर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. उसाला बंदी. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क विकला जात नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः उचलायचा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पुढे सिंचनाच्या बोअरला आणि उसाला गावातूनच मनाई केली, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. साळुंख्यांना पुरस्कार मिळाले, हिवरे बाजार उभं करणाऱ्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली. मंत्री हिवरे बाजारला जाऊन फोटो काढून येतात. नियम मात्र तिथेच सोडून येतात, कारण माणशी वाटा मान्य केला तर चाळीस एकरवाल्याचं आणि भूमिहीनाचं माप सारखं होतं. ते त्यांना परवडत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. दोनशे फुटांखाली गेलेल्या बोअरची गाडी जप्त करा, शेतकऱ्यावर गुन्हा नको. बोअरने भरलेल्या शेततळ्याचं अनुदान परत घ्या. फुकट विजेचा पैसा तुरीच्या, ज्वारीच्या, करडईच्या खरेदीत घाला. आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडताना गावच्या मतदार यादीतलं प्रत्येक नाव वाचा, सातबाऱ्यावर असो वा नसो, आणि त्याच्या पुढे त्याचं पाणी लिहा.