‘विडरशिन्स’ आणि अपसव्य : एका क्रियाविशेषणाच्या अनुवादाविषयी

‘विडरशिन्स’ हे इंग्रजीत क्वचित भेटणारे क्रियाविशेषण मूळचे स्कॉटलंडकडील. ‘घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने’ असा त्याचा अर्थ कोशांत दिलेला असतो. तो चुकीचा नाही. परंतु त्यातून दिशा तेवढी कळते, त्या दिशेने जाण्यातील भय कळत नाही. साहित्यकृतीच्या अनुवादात नेमके तेच हवे असते.

शब्दाचे मूळ मध्यकालीन निम्न-जर्मन भाषेत आहे. ‘वेडर’ म्हणजे विरुद्ध आणि ‘सिन’ म्हणजे मार्ग. गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये पूर्ण केलेल्या व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या स्कॉट्स अनुवादात हा शब्द येतो (म्हणजे त्याची ही जुनी नोंदही एका अनुवादातलीच!), पण तेथे सूर्याचा किंवा फेऱ्यांचा काहीच संबंध नाही; भीतीने केस उलटे उभे राहिले, एवढेच सांगायचे आहे. पुढे लोकांना ‘सिन’मध्ये ‘सन’ म्हणजे सूर्य ऐकू येऊ लागला आणि ‘सूर्यगतीच्या विरुद्ध’ हा अर्थ दृढ झाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही लोकांची गफलत. पण शब्दाला त्याचे खरे आयुष्य त्या गफलतीनेच दिले.

याच्या उलट अर्थाचा गेलिक शब्द ‘देशल’. त्यातील ‘देस’ म्हणजे उजवा आणि दक्षिणेकडचाही. आपला ‘दक्षिण’ हा त्याचा सगोत्र शब्द, आणि त्याचेही हेच दोन अर्थ आहेत. कारण पूर्वाभिमुख माणसाच्या उजव्या हाताला दक्षिण येते. शुभ वस्तू उजवीकडे ठेवून फिरायचे, ही रीतही दोहोंकडे सारखी.

मग ‘विडरशिन्स’ला ‘अपसव्य’ म्हणावे काय? मोह होतो खरा. मात्र ‘सव्य’ हाच शब्द निसरडा आहे. संस्कृतात तो प्रामुख्याने डावा (‘सव्यसाची’ आठवावा), मराठीत उजव्या अर्थानेही रूढ. शिवाय अपसव्य हे पितृकार्यात विहित आहे, निषिद्ध नव्हे. जोसेफ जेकब्स यांच्या १८९० च्या संग्रहातील ‘चाइल्ड रोलंड’ या कथेत बर्ड एलन चेंडूमागे चर्चला विडरशिन्स वळसा घालते आणि परीलोकात ओढली जाते. तिला सोडवायला गेलेल्या भावालाही टेकडीभोवती तशाच तीन फेऱ्या घालाव्या लागतात, तेव्हाच दार उघडते. येथे ‘अपसव्य’ योजले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे श्राद्धाचे पान येईल.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे ‘उलटी प्रदक्षिणा’ हाच पर्याय सरस. शिवमंदिरातील सोमसूत्री प्रदक्षिणेत अर्ध्यातून परतावे लागते, तेव्हा उलटे फिरणे आपल्याकडे सर्वत्र वर्ज्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही चर्चभोवती उलटी प्रदक्षिणा घडली असे वाचताच मराठी वाचक क्षणभर थबकेल, आणि एलन दिसेनाशी होण्यापूर्वी त्याचे ते थबकणेच कथेला हवे आहे.